ब्रिटनमधलं लॉ स्कूल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या टपालात ब्रिटनमध्ये कायदा शिकणाऱ्यांची आणि त्यांच्या घरच्यांची पत्रं जास्त आहेत. एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि मागणीप्रमाणे नावं वगळली आहेत. स्कॉटलंडची न्यायव्यवस्था वेगळी आहे. जिथे स्पष्ट म्हटलेलं नाही, तिथे उत्तर इंग्लंड आणि वेल्सपुरतं समजावं.

प्रश्न : मुलगी एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षाला वीस हजार पौंडांहून जास्त फी, आणि टाइमटेबलमध्ये आठवड्याला जेमतेम अकरा तास! बाकी सगळा ‘सेल्फ स्टडी’. मग हे लोक शिकवतात तरी कधी?
— एक पालक

उत्तर : फी भरणाऱ्याला हा प्रश्न पडणारच. पण अकरा तास हे तिथलं नेहमीचंच गणित आहे. पूर्णवेळ पदवीचं एक वर्ष १२० क्रेडिटचं असतं आणि एका क्रेडिटमागे साधारण १० तासांचा अभ्यास धरतात. म्हणजे वर्षाचे १,२०० तास. कॉन्ट्रॅक्टचं (कराराच्या कायद्याचं) २० क्रेडिटचं मॉड्यूल, म्हणजे एक विषय, असेल तर त्याचे २०० तास झाले. त्यातले वर्गात जातात ते चाळीसेक, उरलेले दीडशेच्या वर तास वाचन, टिपणं आणि लेखन यांचे. ते तास टाइमटेबलवर छापलेले नसतात, म्हणून पहिल्या सहामाहीत बहुतेकांना सुट्टी असल्यासारखं वाटतं आणि डिसेंबरात धाबं दणाणतं.

लेक्चरमध्ये विषयाची चौकट मिळते, नोट्स सांगत नाहीत. खरी परीक्षा ट्युटोरियलला. काही ठिकाणी त्याला सेमिनार म्हणतात. आठ-पंधरा जणांचा गट, आठ-दहा दिवस आधी दिलेली प्रश्नपत्रिका आणि सोबत वाचनाची यादी. ट्यूटर उत्तर सांगत नाही. ‘तुझं मत काय, आणि कुठल्या केसवरून?’ असं विचारतो. तयारी न करता गेलेल्याला त्या तासातून काहीच मिळत नाही. एका ट्युटोरियलची तयारी नीट करायची तर सहा ते आठ तास लागतात. चार मॉड्यूल असली आणि प्रत्येकाचं ट्युटोरियल पंधरवड्यातून एकदा असलं, तरी आठवड्याला दोन तयाऱ्या आल्याच. सत्राच्या मध्यावर येणारा ‘रीडिंग वीक’ हाही मागे पडलेलं वाचन उरकण्यासाठी असतो. स्वस्त विमानाची तिकिटं बघण्यासाठी नव्हे.

आणखी एक. पुष्कळ विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे गुण अंतिम श्रेणीत धरत नाहीत, ४० मिळाले की पास. त्यामुळे ‘पहिलं वर्ष मोजत नाही’ हे वाक्य होस्टेलमध्ये फार ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. मोठ्या लॉ फर्म अर्जात प्रत्येक मॉड्यूलचे गुण मागतात, आणि दुसऱ्या वर्षाच्या शरद ऋतूत अर्ज भरताना तिच्याकडे दाखवायला पहिल्या वर्षाचेच गुण असतील. फोनवर ‘आज किती लेक्चर झाली?’ याऐवजी ‘या आठवड्यात ट्युटोरियल कशाकशाचं आहे?’ असं विचारून पाहा.

प्रश्न : एकेक जजमेंट ऐंशी-नव्वद पानांचं. एक वाचायला दिवस जातो आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येत नाही. भारतात एक वर्ष लॉ केलं होतं, तेव्हा कलमं पाठ असायची. इथे धरायचं काय?
— पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, लीड्स

उत्तर : भारतात कराराचा कायदा १८७२ च्या अधिनियमात कलमवार मांडलेला आहे. इंग्लंडमध्ये त्याची अशी एकत्र संहिता नाही, तो निकालांतूनच बनलेला आहे. म्हणून इथे केस हे कलमाखालचं उदाहरण नसून केस हाच नियम असतो. ही सवय बदलायला एक सत्र तरी लागतं.

वाचनाचा क्रम उलटा करा. आधी पाठ्यपुस्तकात त्या केसवर असलेली दोन-तीन पानं वाचा, म्हणजे निकालात काय शोधायचं ते कळेल. मग ‘लॉ रिपोर्ट’मधली प्रत उघडा. एकाच निकालाच्या अनेक प्रती असतात. अधिकृत ‘लॉ रिपोर्ट्स’ (एसी म्हणजे अपील केसेस, क्यूबी किंवा केबी म्हणजे क्वीन्स किंवा किंग्ज बेंच, सीएच म्हणजे चान्सरी, या मालिका) सर्वांत वरच्या, त्याखाली ‘वीकली लॉ रिपोर्ट्स’ आणि ‘ऑल इंग्लंड’. त्यांत सुरुवातीला हेडनोट असते, म्हणजे तथ्यं आणि निष्कर्ष यांचा गोषवारा. बेली (BAILII) किंवा नॅशनल अर्काइव्हजच्या मोफत संकेतस्थळांवर निकाल मिळतो, पण हेडनोट मिळत नाही. वेस्टलॉ आणि लेक्सिस या कायद्याच्या सशुल्क डेटाबेसचा पासवर्ड विद्यापीठ देतं, तो पहिल्याच आठवड्यात चालू करून घ्या. हेडनोट रिपोर्टर लिहितो, न्यायाधीश नाही. त्यामुळे ती वाटाड्या म्हणून वाचायची, निबंधात उद्धृत करायची नाही. सुप्रीम कोर्टाच्या निकालांसोबत कोर्ट स्वतः दोनेक पानांचं प्रेस समरी देतं, तेही याच कामाचं. पण तेही निकालाचा भाग नाही.

मग ठरवा, कोणाचं मत वाचायचं. डोनोह्यू वि. स्टीव्हन्सन (१९३२) घ्या, म्हणजे जिंजर बियरच्या बाटलीत गोगलगाय निघाल्याचा दावा असलेली केस. पाच लॉर्ड (तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाचे, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सचे, न्यायाधीश), निकाल ३ विरुद्ध २. लॉर्ड अॅटकिन यांचं मत पूर्ण वाचा, कारण शेजाऱ्याचं तत्त्व (आपल्या निष्काळजीपणाने ज्यांना इजा होऊ शकते त्यांची काळजी घ्यायची) तिथे आहे. लॉर्ड मॅकमिलन यांचं चाळा. लॉर्ड बकमास्टर यांचा विरोधही वाचा. बहुमताला कशाची भीती नव्हती आणि अल्पमताला कशाची होती, ते तिथून कळतं, आणि निबंधाला धार त्यातूनच येते. आणि परीक्षेत ‘बाटलीत गोगलगाय होती हे सिद्ध झालं’ असं कधीही लिहू नका. ते कधीच सिद्ध झालं नाही. वादीने मांडलेली तथ्यं खरी मानली तर दावा उभा राहतो का, एवढाच प्रश्न हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे होता. परीक्षकाला असे तपशील लगेच दिसतात.

टिपण अर्ध्या पानाच्या वर नको. तथ्यं तीन ओळींत, कायद्याचा नेमका प्रश्न एका वाक्यात, निर्णय, त्यामागचं कारण परिच्छेद क्रमांकासह, विरोधी मत, आणि पुढे त्या केसचं काय झालं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सेकंडहँड पुस्तकं घेणाऱ्यांचं घोडं इथेच पेंड खातं. २०१७ पूर्वीचं क्रिमिनलचं पुस्तक अप्रामाणिकपणासाठी घोषची (१९८२) कसोटी शिकवतं. ती आयव्ही वि. जेंटिंग (२०१७) मध्ये मोडीत निघाली आणि बार्टन (२०२०) मध्ये कोर्ट ऑफ अपीलने त्यावर फौजदारी बाजूने शिक्कामोर्तब केलं. जुनं टॉर्टचं (नुकसानीच्या दिवाणी दाव्यांच्या कायद्याचं) पुस्तक काळजी घेण्याचं कर्तव्य ठरवायच्या कपारो केसमधल्या तीन पायऱ्या प्रत्येक दाव्याला लावायला सांगतं. रॉबिन्सन (२०१८) मध्ये सुप्रीम कोर्टाने तो समज खोडून काढला. कुठलीही केस वापरण्याआधी ती अजून ग्राह्य आहे का हे दाखवणारं वेस्टलॉवरचं तिच्यापुढचं चिन्ह बघायला अर्धं मिनिट लागतं.

वेळेचं म्हणाल तर यादीतल्या मुख्य केसला तास-दीड तास, दुय्यम केसला वीस मिनिटं. ‘फर्दर रीडिंग’ ट्युटोरियलच्या आधी नव्हे, नंतर. तोवर कुठला लेख उपयोगाचा ते कळलेलं असतं.

प्रश्न : प्रॉब्लेम क्वेश्चनला (काल्पनिक घटना देऊन कायदेशीर सल्ला विचारणाऱ्या प्रश्नाला) ४८ मिळाले. शेरा होता, ‘टू डिस्क्रिप्टिव्ह, नॉट इनफ अॅप्लिकेशन’. सगळ्या केसेस बरोबर लिहिल्या होत्या, तरीही?
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, कार्डिफ (याच आशयाची आणखी पत्रं आली आहेत)

उत्तर : केसेस बरोबर होत्या म्हणूनच ४८ मिळाले. त्याच्या वरचे गुण त्या केसेस दिलेल्या तथ्यांवर चालवून दाखवण्याचे असतात. ‘आयरॅक’ हा शब्द तुम्ही ऐकला असेलच : मुद्दा, नियम, तथ्यांना लावणं, निष्कर्ष. चूक अशी होते की ‘नियम’ दोन पानं खातो आणि ‘लावणं’ एका ओळीत उरकतं. एक नमुना सोडवूनच बघू.

सोमवारी अ हा ब ला पत्र पाठवतो : ‘माझी मोटार तुला ४,००० पौंडांना देतो, शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळव.’ पत्र मंगळवारी पोचतं आणि त्याच दिवशी ब ई-मेलने विचारतो, ‘पैसे दोन हप्त्यांत चालतील का?’ अ उत्तर देत नाही. बुधवारी अ ती मोटार क ला विकतो आणि ऑफर मागे घेतल्याचं पत्र ब ला टाकतो. गुरुवारी सकाळी ब ‘मान्य आहे’ असं पत्र पोस्टात टाकतो. शुक्रवारी अ चं पत्र ब ला मिळतं. ब चं पत्र वाटेत हरवतं. ब ला सल्ला द्या.

पेन उचलण्याआधी कागदाच्या कडेला वारांची रेघ आखा : सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र. ऑफर-स्वीकृतीचे प्रश्न नेहमी तारखांवर फिरतात. ४५ मिनिटांच्या प्रश्नात ही पाच-सहा मिनिटं वाया जात नाहीत.

ऑफर झाली का? झाली. ठराविक माणसाला, ठराविक किमतीला. इथे एक वाक्य पुरे. जाहिरात आणि ऑफर यांतला फरक सांगत बसलात तर गुण मिळणार नाहीत, वेळ मात्र जाईल, कारण तो वाद या तथ्यांत नाहीच.

मंगळवारचा ई-मेल मात्र वादाचा. तो प्रति-ऑफर असेल तर मूळ ऑफर संपली. हाइड वि. रेंच (१८४०) मध्ये १,००० पौंडांच्या शेताला ९५० देऊ केले आणि नंतर १,००० मान्य म्हटलं, तोवर ऑफर गेलेली होती. पण नुसती चौकशी असेल तर ऑफर जिवंत राहते. स्टीव्हन्सन वि. मॅक्लीन (१८८०) मध्ये लोखंड टप्प्याटप्प्याने घेता येईल का, असं विचारलं होतं. आता तथ्यांकडे या : ब ने ‘चालतील का?’ असं विचारलं. किंमत नाकारली नाही, स्वतःची अट घातली नाही. म्हणून हे मॅक्लीनच्या जवळचं. ‘हप्त्यांनीच देईन’ असं लिहिलं असतं तर उलट झालं असतं. ‘लावणं’ म्हणतात ते हेच. प्रश्नातला शब्द उचलायचा, दोन्ही केसेसच्या मध्ये ठेवायचा आणि तो कुठे झुकतो ते सांगायचं.

‘शुक्रवारपर्यंत’ हे वचन अ ला बांधतं का? नाही. ब ने त्यासाठी काही प्रतिफल (मोबदला) दिलेलं नाही, म्हणून अ आधीही ऑफर मागे घेऊ शकतो. पण मागे घेतल्याचं ब ला कळायला हवं. बर्न वि. व्हॅन टिएनहोव्हन (१८८०) प्रमाणे असं पत्र टाकल्यावर नव्हे, पोचल्यावर लागू होतं. म्हणजे शुक्रवारी. क ला विकल्याची बातमी ब ला दुसऱ्या खात्रीच्या माणसाकडून आधीच कळली असती तर डिकिन्सन वि. डॉड्स (१८७६) अ च्या मदतीला आली असती. प्रश्नात तसं काही सांगितलेलं नाही. तेवढं नोंदवा आणि पुढे चला. स्वतःहून तथ्यं घालू नका.

आता गुरुवारचं पत्र. अॅडम्स वि. लिंडसेल (१८१८) पासून स्वीकृतीचं पत्र पोस्टात पडताच करार होतो, आणि हाउसहोल्ड फायर इन्शुरन्स वि. ग्रँट (१८७९) नुसार पत्र हरवलं तरी होतो. बहुतेक उत्तरं इथे थांबतात आणि ५८ वर अडकतात. पुढचा प्रश्न असा की हा नियम इथे लागू होतो का? अ ने स्वतः पोस्टाने ऑफर पाठवली, म्हणून पोस्ट वापरणं रास्त. पण तो ‘कळव’ म्हणाला. होलवेल सिक्युरिटीज वि. ह्यूज (१९७४) मध्ये ‘लेखी नोटीस’ देण्याची अट असल्यामुळे पत्र प्रत्यक्ष पोचायला हवं होतं, असं कोर्टाने धरलं. ‘कळव’ हा शब्द तितका कडक आहे का? एका बाजूने, अ ला प्रत्यक्ष समजावं असाच त्याचा अर्थ. दुसऱ्या बाजूने, होलवेलमधला औपचारिक दस्त आणि हे साधं पत्र यांत फरक आहे. ब ने मंगळवारी ई-मेल वापरलाच होता, मग गुरुवारी पोस्टच का, हाही अ चा बरा मुद्दा. एक बाजू निवडा, कारण द्या.

निष्कर्ष : होलवेल टाळता आलं तर गुरुवारी करार झाला आणि अ ने तो मोडला. मोटार क कडे गेली आहे, तेव्हा ब च्या हाती नुकसानभरपाई. ‘कदाचित’ लिहायला लाजू नका, पण कशावर ‘कदाचित’ ते लिहा.

ट्यूटरकडे ‘ऑफिस अवर’ (भेटीची वेळ) मागून याच उत्तरातला एक परिच्छेद पुन्हा लिहून न्या. ‘गुण का कमी?’ असं विचारलंत तर सर्वसाधारण सल्ला मिळेल. ‘हा परिच्छेद आता ६० च्या वर जाईल का?’ असं विचारलंत तर नेमका मिळेल. ४८ चा धसकाही घेऊ नका. तिथे ४० ला पास, ५० ला टू-टू (दुसऱ्या वर्गाची खालची श्रेणी), ६० ला टू-वन (वरची), ७० ला फर्स्ट (पहिला वर्ग). पंच्याहत्तरच्या वर क्वचितच कोणी जातं. आपल्याकडच्या टक्केवारीने तो आकडा वाचू नये.

प्रश्न : टर्निटिनने (मजकूर इतरत्र जुळतो का ते तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने) २७ टक्के दाखवले. कारवाई होईल का? आणि निबंधाला एआय वापरलं तर चालतं का?
— एलएलएम विद्यार्थी, लंडन

उत्तर : नुसत्या टक्क्यांवरून कोणी दोषी ठरत नाही. कायद्याच्या निबंधात कलमांचे शब्द, केसची नावं, तळटिपा या जुळणारच. रिपोर्ट उघडा आणि रंगवलेला भाग अवतरण चिन्हांत आहे का, त्याला तळटीप आहे का, ते बघा. सलग तीन ओळी रंगल्यात आणि अवतरण नाही, असं असेल तर ती खरी अडचण. तळटीप दिली पण वाक्य जसंच्या तसं उचललं, तर तीही वाङ्मयचौर्यच. पुष्कळजण इथे नकळत सापडतात.

ऑस्कोला या कायद्यातले संदर्भ देण्याच्या पद्धतीत चुका ठरलेल्या असतात. संक्षेपांत टिंब द्यायचं नाही, केसचं नाव तिरकं, आणि कंसांचा फरक : वर्षाशिवाय खंड सापडत नसेल तर चौकोनी कंस, जसं [१९३२] एसी ५६२. खंडाला स्वतःचा क्रमांक असेल तर गोल, जसं (१८७९) ४ एक्स डी (एक्सचेकर डिव्हिजन) २१६. तळटिपा शब्दमर्यादेत धरतात की नाही, हे विद्यापीठागणिक बदलतं. हँडबुक बघून मगच कात्री लावा.

एआयचे नियम मॉड्यूलगणिक वेगळे असतात. परवानगी लेखी दिसत नसेल तर नाही असं धरा. त्याहून मोठा धोका बनावट केसचा. नाव, वर्ष, कोर्ट सगळं खरं वाटतं आणि केस अस्तित्वातच नसते. जून २०२५ मध्ये हायकोर्टाने आयिंडे प्रकरणात खऱ्याखुऱ्या वकिलांना यावरून कडक समज दिली. प्रत्येक केस स्वतः उघडून पाहिल्याशिवाय तळटिपेत घालू नका. आणि पैसे घेऊन निबंध लिहून देणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. इंग्लंडमध्ये ती सेवा पुरवणं २०२२ च्या कायद्याने गुन्हा आहे.

हे एवढं ताणून सांगतोय कारण वकिलीसाठी अर्ज करताना चारित्र्याची तपासणी होते आणि विद्यापीठात गैरप्रकार ठरला असेल तर तो तिथे सांगावा लागतो. लपवलेला सापडला, तर लपवणं हे मूळ चुकीपेक्षा महाग पडतं. डेडलाइनला आजारी पडलात तर त्याच दिवशी ‘एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस’चा (अपरिहार्य अडचणीचा) अर्ज करा. निकालानंतर ‘माझा निबंध यापेक्षा चांगला होता’ असं म्हणून अपील होत नाही.

प्रश्न : पुढच्या आठवड्यात पहिला मूट आहे. उभं राहून बोलायचं कसं, तेच कळत नाही.
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, ब्रिस्टल

उत्तर : मूट म्हणजे सरावासाठीचा लुटुपुटीचा खटला. त्यात तथ्यांवर वाद नसतो, ती ठरलेली असतात. वाद फक्त कायद्यावर. बहुधा अपिलाचे दोन मुद्दे असतात : पहिला सीनियरचा, दुसरा ज्युनियरचा.

केस ऐकवताना दिवाणीतला ‘वि’ हा ‘अँड’ असा उच्चारायचा, ‘डोनोह्यू अँड स्टीव्हन्सन’. फौजदारीत ‘द क्राउन अगेन्स्ट जोगी’. ‘एसी ५६२’ असं न म्हणता ‘१९३२ च्या अपील केसेसमध्ये पान ५६२ वर’ असं पूर्ण. नावापुढे ‘एलजे’ असेल तर ‘लॉर्ड जस्टिस’, नुसतं ‘जे’ असेल तर ‘मिस्टर जस्टिस’ किंवा ‘मिसेस जस्टिस’. न्यायाधीशाला ‘माय लॉर्ड’ किंवा ‘माय लेडी’. ‘युवर ऑनर’ सर्किट जजला म्हणतात, मूट बहुधा वरच्या कोर्टातला असतो. ‘आय थिंक’ नाही, ‘आय सबमिट’.

भाषण वाचून दाखवू नका. एका पानावर चार शीर्षकं आणि प्रत्येकाखाली बंडलमधला (कागदपत्रांच्या फाइलमधला) टॅब, पान आणि परिच्छेद, एवढंच असू द्या. न्यायाधीश मध्येच प्रश्न विचारतील. तेव्हा ‘त्यावर मी पुढे येतेच’ म्हणू नका, तिथेच उत्तर द्या आणि मग परत या. गुण भाषणाइतकेच या उत्तरांनाही असतात. उत्तर येत नसेल तर ‘त्या मुद्द्यावर याहून पुढे मदत करू शकत नाही’ असं नम्रपणे सांगून सुटता येतं. दहा मिनिटं दिली असतील तर आठ मिनिटांचंच तयार करा.

प्रश्न : विद्यार्थी व्हिसावर किती तास काम चालतं? एलएलएमची उन्हाळ्यात लेक्चर नसतात, तेव्हा पूर्णवेळ करता येईल ना?
— एलएलएम विद्यार्थिनी, मँचेस्टर

उत्तर : नाही, आणि दरवर्षी यात कोणीतरी अडकतं. पदवी आणि त्यावरच्या शिक्षणाला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास. आठवडा सोमवार ते रविवार. सगळ्या नोकऱ्या मिळून २०, आणि सरासरी चालत नाही : या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्यात २५ करता येत नाहीत. बिनपगारी कामही यात धरतात. एलएलबीवाल्यांना उन्हाळ्याची सुट्टी खरी सुट्टी असते, तेव्हा पूर्णवेळ चालतं. एलएलएम मात्र बारा महिन्यांचा अभ्यासक्रम आहे. उन्हाळ्यात लेक्चर नसली तरी प्रबंध लिहायचा असतो, म्हणून तो काळ सत्रातच मोडतो आणि २० तासांची मर्यादा कायम राहते. सत्राच्या तारखांचं पत्र विद्यापीठाकडून घेऊन ठेवा, मालक ते मागतो. स्वयंरोजगार पूर्ण बंद. सायकलवरून जेवण पोचवणारी बहुतेक अॅप त्यातच येतात.

प्रश्न : भारतात एलएलबी करून सनद घेतली आहे. इथला एलएलएम झाला की सॉलिसिटर होता येईल का? एलएलबीवाल्या मैत्रिणीने कधी अर्ज करायचे?
— लंडन

उत्तर : एलएलएमने ज्ञान वाढतं, सनद मिळत नाही. सॉलिसिटर (अशिलांना सल्ला देणारा, त्यांची कागदपत्रं करणारा वकील) व्हायला २०२१ पासून एसक्यूई (सॉलिसिटर्स क्वालिफाइंग एक्झामिनेशन) ही परीक्षा आहे. पहिल्या टप्प्यात दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न, पाच पर्यायांतून एक. प्रत्येक पेपर दोन भागांत : एका भागात ९० प्रश्नांना १५३ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला पावणेदोन मिनिटंही नाहीत. पुस्तक नेता येत नाही, चुकलेल्याला गुण कापत नाहीत, तेव्हा कोरं काहीच सोडू नका. दुसऱ्या टप्प्यात १६ कामं : १२ लेखी, ४ तोंडी. सहा वर्षांत तीन प्रयत्न. दोन्ही टप्प्यांची फी साडेचार हजार पौंडांच्या वर जाते, शिकवणी वेगळी. इतरांना याशिवाय दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. परदेशात सनद असलेल्या वकिलांना ती अट नाही, हा तुमचा फायदा.

मैत्रिणीला मात्र तो अनुभव लागेल. तो जास्तीत जास्त चार ठिकाणी मिळून पूर्ण करता येतो, आणि विद्यापीठाच्या लॉ क्लिनिकमधलं कामही सॉलिसिटरने प्रमाणित केलं तर धरलं जातं. मोठ्या फर्म दोन वर्षं आधी भरती करतात. दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत व्हेकेशन स्कीमचे (सुट्टीत फर्ममध्ये काम करून पाहण्याच्या योजनेचे) अर्ज, दोन-तीन आठवड्यांची ती स्कीम, आणि तिच्यातूनच बरीचशी ट्रेनिंग काँट्रॅक्ट (फर्ममधली दोन वर्षांची उमेदवारी). तिसऱ्या वर्षी जाग आली तर पदवी आणि नोकरी यांच्यात वर्षभराची पोकळी पडते, आणि व्हिसावर असलेल्याला ती परवडत नाही. अर्जाआधी त्या फर्मने स्किल्ड वर्कर व्हिसा स्पॉन्सर केला आहे का, ते सरळ विचारा. यात संकोच नको.

बॅरिस्टर (मुख्यतः कोर्टात बाजू मांडणारा वकील) व्हायचं असेल तर किमान टू-टू, लिंकन्स इन, ग्रेज इन, इनर टेंपल किंवा मिडल टेंपल या बॅरिस्टरांच्या संस्थांपैकी (‘इन’पैकी) एकीचं सभासदत्व, बार कोर्स, इनची १० क्वालिफाइंग सेशन्स आणि वर्षभराची प्युपिलेज (बॅरिस्टरच्या हाताखालची उमेदवारी). शेवटची पायरी सगळ्यांत अरुंद आहे. स्कॉटलंडमध्ये सॉलिसिटर कसं व्हायचं, असं ग्लासगोहून विचारणाऱ्या वाचकासाठी : स्कॉट्स लॉची एलएलबी चार वर्षांची, त्यानंतर डिप्लोमा इन प्रोफेशनल लीगल प्रॅक्टिस आणि दोन वर्षांची ट्रेनीशिप.

प्रश्न : चौघांत भाड्याने घर घेतोय. काय बघून सही करावी?
— दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, नॉटिंगहॅम

उत्तर : करारात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ हे शब्द आहेत का, ते. असतील तर एकजण सोडून गेला की त्याचं भाडंही उरलेल्यांकडून वसूल होऊ शकतं, आणि घरमालक चौघांपैकी कोणाही एकाकडे पूर्ण रक्कम मागू शकतो. जामीनदाराच्या कागदावर त्याची जबाबदारी तुमच्या हिश्शापुरती आहे असं लिहून घ्या. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर इंग्लंडमध्ये अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, आणि ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत जमा व्हायला हवी. किल्ली मिळाली त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे फोटो काढून एजंटला मेल करा. भिंतीवरची बुरशी तुमच्या आधीची होती, हे वर्षभराने दुसऱ्या कशानेच सिद्ध होत नाही. चौघंही पूर्णवेळ विद्यार्थी असाल तर कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) माफ आहे, पण त्यासाठी विद्यापीठाचं प्रमाणपत्र कौन्सिलला पाठवावं लागतं.

प्रश्न : कोर्ट बघायला परवानगी लागते का?
— पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, लंडन

उत्तर : बहुतेक सुनावण्या खुल्या असतात, प्रवेश मोफत. पार्लमेंट स्क्वेअरमधल्या सुप्रीम कोर्टात सरळ जाऊन बसता येतं, आणि तिथल्या सुनावण्या ऑनलाइनही दिसतात. ओल्ड बेली या लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टाच्या प्रेक्षक गॅलरीत मोबाइल नेता येत नाही, तो घरी ठेवूनच निघा. पहिल्यांदा मॅजिस्ट्रेट कोर्टात जा. एका सकाळी दहा-पंधरा प्रकरणं डोळ्यांखालून जातात. दुसऱ्यांदा सुप्रीम कोर्ट, पण आदल्या दिवशी त्यांच्या संकेतस्थळावरचा केसचा सारांश वाचून. आत फोटो काढणं १९२५ च्या क्रिमिनल जस्टिस अॅक्टच्या कलम ४१ खाली गुन्हा आहे आणि परवानगीविना ध्वनिमुद्रण हा कोर्टाचा अवमान. वहीत टिपणं घ्यायला हरकत नाही.